पास की नापास

"गोळ्या बेसिनमध्ये पडल्या, डॉक्टर," रंगारी खाली बघत म्हणाला. "महिन्याच्या एकदमच लिहून द्या."

डॉक्टरांना मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सापडला एकदाचा.

याच माणसाची ते कधीपासून वाट बघत होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक पोरगी आता विद्यापीठात संशोधन करत होती. अफूच्या जातीच्या जोरदार वेदनाशामक गोळ्या गल्लीबोळातले डॉक्टर किती सढळ हाताने वाटतात आणि त्यांना सावध कसं करता येईल, असा तिचा विषय. त्यासाठी ती दवाखान्यांत नकली पेशंट पाठवणार होती. दुखणं खोटं, मागणी खरी. अनुदानाची मंजुरी आल्यात जमा आहे, असं ती म्हणाली होती. कोण येणार आणि कधी, ते मात्र तिने सरांनाही सांगितलं नाही.

"रागावू नका सर," जाताना ती म्हणाली, "पण सगळ्यांत जास्त धाकधूक मला तुमचीच आहे."

ते डॉक्टरांना लागलं. अख्खी वस्ती त्यांना 'गोळीवाले' म्हणायची. पेशंट स्टुलावर टेकायच्या आत हातात चिठ्ठी, अशी ख्याती. निवृत्तीआधी हे बिरुद पुसायचंच, असं त्यांनी ठरवलं.

तेव्हापासून येईल तो पेशंट त्यांना नकली वाटू लागला, म्हणून ते प्रत्येकाचं मन लावून ऐकू लागले. पाठ धरून आलेल्या बाई अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला एकट्याने उचलतात, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. चादरीच्या आधाराने त्याला कुशीवर कसं वळवायचं, ते त्यांनी स्वतः टेबलावर आडवं होऊन दाखवलं. शिंप्याची मान मशीनखाली विटा सरकवल्यावर सुधारली. गुडघा घेऊन आलेल्या मेव्हण्याचीही उलटतपासणी झाली. त्यावर काउंटर सांभाळणारी बायको म्हणाली, की या माणसाला कान आहेत हे माहेरच्यांना तरी कळलं, बरं झालं. दवाखाना बंद व्हायला उशीर होऊ लागला. डॉक्टर मात्र घरी जाताना शीळ घालत.

आणि आता हा रंगारी. शिडीवरून पडलेला, पाठ धरलेला, कपाळावर घाम. पठ्ठ्याने नखांत रंगसुद्धा भरून आणला होता. एरवी डॉक्टरांनी चिठ्ठी खरडली असती, नाहीतर त्याला हाकललं असतं. पण परीक्षेला बसलेल्या माणसाला दोन्ही परवडत नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"दिवसाला किती घेतोस? खरं सांग, मी रागावणार नाही."

रंगाऱ्याने आकडा सांगितला आणि तो रडू लागला. डॉक्टरांनी रुमाल पुढे केला. पोरीने नट कसलेला निवडलाय, असं त्यांच्या मनात आलं.

"एकदम बंद केल्या तर अंगावर येईल," ते म्हणाले. "थोड्या थोड्या उतरवू. दर आठवड्याला यायचं, मी तेवढ्यापुरत्याच देणार. फिजिओथेरपीलाही जायचं."

पुढच्या खेपेला रंगाऱ्याने टेबलावर मूठ आपटली, नाही नाही ते बोलला. काउंटरवरून डॉक्टरांची बायको म्हणाली, याला बाहेर काढा. डॉक्टरांनी हा दुसरा अंक आहे हे ओळखून आवाज चढू दिला नाही. त्यानंतर एकदा तो आलाच नाही, तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून बोलावून घेतलं, कारण त्याचेही गुण असणार. हळूहळू रंगाऱ्याच्या हाताची थरथर थांबली. पुढे तो कामावर जाऊ लागला. परीक्षा जरा लांबतेय, असं डॉक्टरांना वाटे. पण अनुदान दणदणीत असेल तर नाटक लांबणारच.

शेवटी एका दुपारी पोरगी आली. ती जरा ओशाळलेली दिसत होती. डॉक्टरांनी चहा मागवला, पण त्यांना चहा येईपर्यंतही दम निघेना.

"तुझा माणूस मी पहिल्याच दिवशी ओळखला."

"कुठला माणूस, सर?"

"वेड पांघरू नकोस. रंगारी," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी बेसिनपासून सगळं सांगितलं. त्याचं रडणं, टेबलावरची मूठ, एकेक करून उतरवलेल्या गोळ्या. चहा आला तरी ते सांगतच होते. "आता शेवटची गोळीही सुटली त्याची. परवा बायकोला घेऊन आला. ती नुसती हात जोडून उभी राहिली. बायकोसुद्धा भाड्याने आणायची म्हणजे कमाल आहे तुझी. आता एवढंच सांग, मी पास की नापास?"

पोरीने कप खाली ठेवला.

"सर, मी माफी मागायला आले होते. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं," ती म्हणाली. "अनुदान तेव्हाच नामंजूर झालं. आम्ही कुणाकडेही, कुणालाही पाठवलं नाही."