नानासाहेबांचा हात

चतुराबाईंची कंबर लई जुनी दुखणेकरी! गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेवटी सुनेनं त्यांना सिडकोतल्या फिजिओवाल्या श्रेया मॅडमकडं नेलं. मॅडमनी व्यायाम सांगितला: गुडघे वाकवून उताणं झोपायचं, घरातल्या कुणीतरी कंबर आणि चटईच्या मधी हात ठेवायचा, अन् कंबरेनं तो हात हळूच दाबायचा. आता सून तर सकाळीच शेंद्र्याला कंपनीत जाणार. मग घरात उरलं कोण? नानासाहेब! ज्यांनी उभ्या संसारात बायकोकडं चारचौघांत धड बघितलं नाय, ते! हात ठेवला, अन् तोंड भिंतीकडं.

"दाब की. का दिवसभर बसू हितं?"

पण मग रोज बसायला लागले. हात तिथंच, अन् गप्पा करमाडच्या मोसंबीच्या. चतुराबाईंना सकाळ कधी होते असं व्हायचं. कंबर मात्र बेइमान निघाली, बरी व्हायला लागली. खोटं दुखणं सांगावं, तर मॅडम तपासणार. अन् पुढच्या खेपेला दवाखान्यात मॅडमनी तपासलंच.

"झकास, आजी! आता कुणाच्या हाताची गरज नाही. टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि एकट्याच करा."

चतुराबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि उगाच पदर सारखा करत बसल्या. नवऱ्याचा हात पायजे, असं कोणत्या तोंडानं सांगणार?

तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीत नानासाहेब खाकरले.

"मॅडम, हिनं किती दाबलं ते टॉवेलाला काय कळतंय?"