रुमाल टाकलेली खुर्ची

चारुदत्त खांबेटे कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीतून तडक परदेशी चित्रपटांच्या महोत्सवाला आले आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून बसले. त्यांच्या पत्नी वृंदाबाई बालीगंजहून यायच्या होत्या; पडद्यावरच्या इंग्रजी ओळी तेच त्यांना वाचून दाखवत. "लोक आछे," असं दरडावून त्यांनी दोन-तीन बंगाली बाबूंना परतवलं.

चित्रपट हंगेरियन होता. खानावळीत बसलेली एक जाडजूड बाई शेजारची खुर्ची कुणालाही देत नव्हती. खांबेट्यांना ती अगदी आपल्यातली वाटली.

मग तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल दिसला. निळ्या काठाचा, कोपऱ्यात वृंदाबाईंनी लाल दोऱ्याने भरलेला 'चा'. त्यांनी शेजारी चाचपलं. रुमाल नव्हता.

"अहो बाई, तो आमचा आहे," ते चिडून कुजबुजले.

बाईने थेट त्यांच्याकडे पाहिलं, रुमाल उचलला, खुर्ची झटकली आणि बसायची खूण केली.

वृंदाबाई आल्या तेव्हा प्रेक्षागृहातल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

"अगं, मी इथे आहे," खांबेटे खानावळीतून ओरडले. तोंडातून निघालं ते हंगेरियन. पायाशी इंग्रजी ओळ उमटली.

"मेला अगदी ह्यांच्यासारखा दिसतो," वृंदाबाई म्हणाल्या, आणि ती ओळ वाचून दाखवायला हे येतीलच, म्हणून त्यांनी शेजारच्या खुर्चीवर आपला रुमाल टाकला.