गार पाय

नैराश्याच्या गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले, तशी हेमलताला झोप लागू लागली, छातीतली धडधडही थांबली. पण शिकवताना मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला तरी तिला राग येत नव्हता, की हसू येत नव्हतं. कुणी विचारलं, की तिच्या वतीने नवराच सांगायचा, "बरी आहे आता."

डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला शिथिलीकरण शिकायला पाठवलं. सतरंजीवर आडवं होऊन एकेक अवयव आवळायचा, मग सैल सोडायचा. शिकवणाऱ्या देशिंगकरबाई सांगतील तसं ती महिनाभर निमूटपणे करत राहिली. काहीच होत नव्हतं. नवरा मात्र दर मंगळवारी रजा काढून भिंतीशी बसून राही.

त्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "पायाची बोटं आवळा. आता सोडा. काय जाणवतंय?"

नवऱ्याने सवयीने सुरुवात केली, "तिला तसं काही..."

"पाय गार पडलेत माझे," हेमलता म्हणाली.

नवरा उठून तिच्या पायांशी बसला आणि त्याने तिची पावलं दोन्ही हातांत धरली. त्याचे तळहात खरबरीत होते, हे तिला जाणवलं.