कडी नसलेलं दार

शेवटचा खिळा निघाला आणि दार ठोठावायची पितळी कडी साओदतच्या ओंजळीत पडली. गल्लीच्या तोंडाशी तिच्या वर्गातली पोरं उंच चाकांचा गाडा घेऊन थांबली होती. गाड्यात फुटक्या कढया, कुदळींची पाती, चहाचं पाणी उकळायचा एक बिनतोटीचा समोवार. लढाईच्या आघाडीसाठी भंगार गोळा करा, असं शाळेने सांगितलं होतं. सगळ्यांच्या घरून काही ना काही आलं, साओदतच्याच घरून नाही. घरात एकुलती एक कढई, तीही रोज चुलीवर. सकाळी तुर्सुनालीने तिला भर वर्गात विचारलं होतं, "तुझा बाप आघाडीवर काय तुतीच्या काठ्या फेकतो?"

ते तिला फार लागलं होतं. आता तिने कडी गाड्यात टाकली, तर तुर्सुनालीनेच ती उचलून सगळ्यांना दाखवली. हिची किती काडतुसं होतील यावर वाटभर भांडण झालं. त्या दुपारी साओदतचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

संध्याकाळी आई रेशीम कारखान्यातून आली. सवयीने तिचा हात कडीकडे गेला, मूठ वळली, आणि मुठीत काहीच आलं नाही. सगळं ऐकूनही ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आता तुझे बाबा काय वाजवतील गं?"

तेव्हा कुठे साओदतच्या डोक्यात उजेड पडला. बाबांची कडी वाजवायची तऱ्हाच न्यारी होती. दोन ठोके सावकाश, तिसरा घाईचा. तो ऐकला की ती हातातलं टाकून धावायची. लढाईवर जाताना ते म्हणाले होते, येईन तेव्हा अशीच वाजवीन, दार तूच उघड.

दुसऱ्या दिवशी ती शाळेकडे पळत सुटली. भंगार पहाटेच स्टेशनवर गेलं होतं. त्यात शेजारच्या रिसालत खालाने आगीत तेल ओतलं. बिनकडीचं दार दिसलं की माणूस घर मोडलं असं समजतो आणि आल्या पावली परत जातो, म्हणे.

त्या दिवसापासून साओदतने दार लागू दिलं नाही. फटीत वीट ठेवली. थंडीत अंगणात बर्फ उडत आला, कुत्री शिरली, एकदा कोंबडी गेली. "तुमच्याकडे काय वऱ्हाड उतरायचंय?" खाला विचारायची. आई मात्र झोपण्याआधी वीट जागेवर आहे ना, हे पायाने चाचपून बघायची. पुढे तर बाबांची पत्रंही येईनाशी झाली.

मग एका वसंतात, जर्दाळू फुलला असताना, साओदत अंगणात गाजरं धूत होती. मान वर केली तर झाडाखाली सैनिकी कोटातला माणूस उभा. खांद्याला पिशवी, बाह्या खिशांत खोचलेल्या. चेहरा ओळखू आला तरी तिला जागचं हलवेना. इतके हिवाळे मनात धरलेलं आधी तोंडातून बाहेर पडलं.

"बाबा, कडी मीच दिली. भंगारात."

त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले नाहीत. चिडलेत, तिला वाटलं. चिडणारच.

"दार उघडं ठेवलंस ते बरं केलंस, पोरी," ते म्हणाले. "बंद असतं तर हाका माराव्या लागल्या असत्या. सगळी गल्ली बघायला आली असती."

तिला काही कळलं नाही. तिने धावत जाऊन त्यांचा हात धरला. मूठ वळली, आणि मुठीत नुसती बाही आली. तिने दुसरी धरली. तीही तशीच.