टँकर कुठवर आला

गावांना फुकट पाणी वाटणाऱ्या संस्थेचा टँकर बिडकीनच्या पुढं आला, तशी बिभीषणनं जीप आडवी घातली. तो पाणी विकणाऱ्या मालकाचा माणूस. दुष्काळात फुकटचं पाणी कोणत्याच गावात पोचता कामा नये, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. त्यानं काच फोडली, ड्रायव्हर कडूबाला खाली ओढलं आणि हातातल्या लोखंडी गजानं त्याचं डोकं फोडलं. मग टँकरचा व्हॉल्व्ह उघडून दिला. पाणी रस्त्यावर धो धो वाहायला लागलं.

टँकरसोबत आलेली संस्थेची कार्यकर्ती सृष्टी मोबाईल समोर धरून उभी होती.

"बंद कर ते."

"लाइव्ह आहे, दादा. टँकर कुठवर आला, ते गावातल्या बायका यावर बघतात."

"बघू दे."

त्यानं तिच्यावर गज उगारला, तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. आईचा होता.

"बिभीषण, तुझं भांडण तू बघ. आधी ते पाणी बंद कर, बाबा. आम्ही समद्या हंडे घेऊन बसलोय इथं."

गज टाकून तो व्हॉल्व्हकडं धावला. रक्तानं माखलेल्या हातांतून चाक सारखं निसटत होतं.