चौऱ्याऐंशी मीटर खालचा महादेव

रुद्रेशनं देवघरातला महादेव उचलला आणि उलटा केला. बुडाला लाल रंगात आकडा होता. पुसट झालेला, पण वाचता येणारा. ८४.२०.

हाच आकडा त्यानं काल नांदेडच्या गोदामात पाहिला होता. चाळीस वर्षांपूर्वी देगलूरकडच्या त्यांच्या गावाच्या माळावर तांबं शोधायला खोल भोकं पाडली होती. त्यातून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या गोदामात लाकडी पेट्यांमध्ये ओळीनं ठेवल्या आहेत. ग्रॅनाइट, पुन्हा ग्रॅनाइट, मग गारगोटीची बारीक शीर आणि तिच्यात तांब्याची पिवळी चमक. शीर जिथं सगळ्यात जाड, नेमकी तिथंच, ८४.२० मीटर खोलीच्या खुणेपाशी, पेटीत वीतभर जागा रिकामी होती.

एवढ्याशा तांब्यासाठी खाण कुणी काढली नाही. माळ आहे तसा पडून राहिला. पण त्या रिकाम्या जागेपायी पेट्यांचा चौकीदार मल्लिनाथ, म्हणजे रुद्रेशचा बाप, कामावरून गेला. सोनं समजून दगड विकला म्हणे! गावानं त्याला मरेपर्यंत दगडचोर म्हटलं. तो हो म्हणाला नाही, की नाहीही म्हणाला नाही. शाळेत रुद्रेशला पोरं दगडचोराचा म्हणत. मोठा झाल्यावर त्यानं बापाशी बोलणं टाकलं, मग घर टाकलं. दोन वर्षांपूर्वी मल्लिनाथला समाधी दिली. सारा गाव मूठमूठ माती टाकून गेला. एकुलता एक लेक हाताची घडी घालून लांब उभा राहिला.

तरी भूवैज्ञानिक झाल्यावर या पेट्या पुन्हा तपासायचं काम त्यानं स्वतः मागून घेतलं. आत कुठंतरी वेडी आशा होती. कांडी यंत्रातच भुगा झाली असेल, अप्पांवरचा आळ पुसला जाईल. काल रात्री तो गावी आईकडं मुक्कामाला आला. आणि आज सकाळी आईनं महादेवावर पाणी घातलं, विभूती धुऊन निघाली, अन् गुळगुळीत गोल दगडावर हिरवट रेघ दिसली. तांब्याला वर्षानुवर्षं पाणी लागलं की असाच हिरवा रंग चढतो. लहानपणापासून त्याला या देवाला हात लावायची मनाई होती.

"म्हणजे अप्पा चोरच होते, अव्वा." तो दगड आईपुढं धरत म्हणाला.

रत्नम्मानं दगड त्याच्या हातातून काढून घेतला आणि पदरानं पुसला.

"त्येंनी न्हाई. म्या आणला. त्येंची भाकर घेऊन माळावर गेले व्हते. धरतीच्या पोटातून महादेव निघालाय वाटलं, पदराखाली घेतला."

रुद्रेशनं विचारलं, "मग ते बोलले का नाहीत? परत का नाही दिला?"

"त्ये द्यायलाच निघाले व्हते. मीच पाय धरले. लगीन होऊन नऊ वर्सं झाली, पोटी लेकरू न्हाई. एक साल पुजू द्या म्हनलं, मग देऊन टाका. तवर चौकशी झाली, काम गेलं. तरी गप राहिले."

"आणि साल झाल्यावर?"

तिनं महादेव जागेवर ठेवला. वर बेलाचं पान ठेवलं.

"साल भरायच्या आत तू झालास. त्येंनी तुला मांडीवर घेतलं अन् म्हनले, रत्नम्मा, आता देव परत न्हाई द्यायचा. आता म्या चोरच बरा."