ऑक्सफर्डची केझिया

लंडनमधल्या एका शब्दकोशाच्या कचेरीत केझिया मुलाखतीला बसली होती. ही नोकरी तिला मनापासून हवी होती.

"ऑक्सफर्डची?" अर्ज वाचून संपादकांचा चेहरा खुलला. "कोणतं कॉलेज?"

"कॉलेज नाही, सर. घर आहे तिथं. वडील मोटारीच्या कारखान्यात वेल्डर आहेत."

"हात्तिच्या! मग नुसतं ऑक्सफर्ड कशाला लिहिलंस? 'ऑक्सफर्डची' म्हटलं की इंग्रजीत विद्यापीठातलीच समजतात. शब्दांचं काम करायला आलीस ना? खोड ते." त्यांनी पेन पुढे केलं.

एक रेघ ओढली असती तर काम झालं असतं. केझियानं पेन घेतलं आणि टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"वापर कळला, सर. अर्थ सांगू? ऑक्स म्हणजे बैल, फर्ड म्हणजे नदीचा उतार. बैल पाण्यात घालून पलीकडे नेणाऱ्यांनी हे नाव ठेवलं, तेव्हा तिथं कॉलेजची एक वीटही नव्हती."

"नसेल. पण आता विद्यापीठ आहे ना?"

"आहे की. पण पाहुणे नऊशे वर्षं राहिले, म्हणून घरच्यांनी आपला पत्ता बदलायचा का?"